माझा कप्तान लढाईत मरत नाही

"शेवटी त्याला मार," काका म्हणाले. "लढाईत. छातीत गोळी, हातात झेंडा, पडदा."

अमेरिकेत, एडिसनला त्यांच्या बेसमेंटमध्ये बसलो होतो आम्ही. काका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. माझे सख्खे काका नव्हेत. इथे आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा माणूस भेटला की तो काका होतो, त्याला विचारावं लागत नाही. गणपतीच्या कार्यक्रमात मी एकपात्री करणार होतो, आणि मंडळाची पद्धत अशी की स्टेजवर जे बोलायचं ते आधी समितीसमोर बोलून दाखवायचं. समिती म्हणजे काका. अजून दोघं होते, पण ते चिवडा खात होते.

ज्याला मारायचं होतं तो प्रशियाच्या सैन्यातला कप्तान. प्रशिया म्हणजे जर्मनी एक व्हायच्या आधीचं त्यातलं सगळ्यात दांडगं राज्य. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस. अकराव्या वर्षी घरच्यांनी सैनिकी शाळेत टाकला, अठराव्या वर्षी लेफ्टनंट झाला, मग डेन्मार्कशी लढला, ऑस्ट्रियाशी लढला, फ्रान्सशी लढायला गेला आणि तिथे त्याला हगवण लागली. एका शहराला वेढा घालून सगळी फौज बसली होती, आणि हा गोठ्यात आडवा पडून घरी पत्र लिहीत होता की लोकरीचे मोजे पाठवा. मेला नाही. पुढे चांगला ऐंशीला टेकेपर्यंत जगला.

"स्टेजवर हगवण?" काका म्हणाले. "नंतर लगेच जेवण आहे. मसालेभात आहे."

मी म्हटलं, काका, खरं आहे ते.

"खऱ्याचं काय करू मी? लोकांना संदेश पाहिजे." मग त्यांनी बोटातली पुष्कराजाची अंगठी टेबलावर आपटली, टक टक, आणि म्हणाले, "फ्रँकली, मला काही फरक पडत नाही. तुझ्या भल्याचं सांगतोय."

काकांचं हे 'फ्रँकली' मी पहिल्या दिवसापासून ऐकत आलोय. एअरपोर्टवर मला घ्यायला आले तेव्हा म्हणाले होते, फ्रँकली, तुझं सामान काहीच नाहीये. डिकी बंद होत नव्हती. काकूंनी पहिल्यांदा इडल्या केल्या तेव्हा म्हणाले, फ्रँकली, मस्त झाल्यात. तेव्हाच कळलं की पुढचं वाक्य कुठल्या दिशेने घ्यायचं. पण एअरपोर्टवर ते आले होते, हेही तितकंच खरं. पहिले दोन आठवडे मी याच बेसमेंटमध्ये झोपलो आणि काकू रोज डबा द्यायच्या. हे लपवण्यात अर्थ नाही. नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल.

आणि माझा रेझ्युमे काकांकडे होता.

शिक्षण संपल्यावर इथे आपल्याला काम करायची परवानगी मिळते, पण त्यात बिनानोकरीचे दिवस नव्वदच चालतात. तेवढ्यात नोकरी नाही लागली तर बॅग भरायची. काकांच्या कंपनीत जागा होती, कायमची, पुढे व्हिसा करून देणारी. काका म्हणाले होते की मॅनेजरला तुझं नाव मी स्वतः देतो, गणपती होऊ देत. त्या बेसमेंटमध्ये बसलो होतो तो माझा एक्कावन्नावा दिवस. म्हणून मी 'बघतो काका' म्हणालो. 'बघतो'चा अर्थ त्यांनी 'मारतो' असा घेतला.

मी चिखलीच्या शाळेत शिकलो. आठवीत असताना प्रार्थनेच्या माइकवरून हेडसरांच्या आवाजात अर्धी सुट्टी जाहीर केली होती, आणि पोरं खरंच निघाली होती. चौकीदाराने गेट उघडून दिलं. माफी मागायला उभं केलं तेव्हा मी माफीही मागितली, फक्त सरांच्याच आवाजात. कारण माझ्या आवाजात मला मागायची नव्हती. तर हे असं आहे माझं. माणूस समोर दहा मिनिटं बोलला की तो माझ्या घशात येऊन बसतो. मी बोलावत नाही त्याला.

कप्तान मला पिस्कॅटवेला भेटला, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. शिकत असताना तिथे मी जुने कागद स्कॅन करायचो. एका अमेरिकन आजीने आपल्या पणजोबांची पत्रं एका पेटीत भरून लायब्ररीला दिली होती, सोबत तिने स्वतः टाइप केलेलं इंग्रजी भाषांतर. ती रिटायर्ड शिक्षिका. दर मंगळवारी यायची आणि माझ्यासमोर बसायची, कारण मी एकदा बोटाला थुंकी लावून पान उलटायला गेलो होतो आणि ते तिने पाहिलं होतं. त्यानंतर तिचा माझ्यावर भरवसा नव्हता. पण पत्रं वाचून मी हसायला लागलो की तिला बरं वाटायचं. कुठल्या पत्राला हसलास, विचारायची.

हसण्यासारखं पुष्कळ होतं. त्याच्या सैन्यात दर वर्षी प्रत्येक अधिकाऱ्यावर एक गुप्त रिपोर्ट जायचा. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्याला स्वतःला दाखवायचे नाहीत. कप्तानाच्या एका मित्राने ऑफिसातून तो चोरून उतरवून दिला होता. काम चोख. शिपाई जीव टाकतात. कर्ज नाही, भानगड नाही. वरिष्ठांची नक्कल करतो. पुढच्या हुद्द्याला योग्य नाही.

झालं असं होतं की एका संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये याने जनरलची नक्कल केली. जनरल घोड्यावर कसा बसतो ते खुर्चीवर बसून दाखवलं, तलवारीच्या म्यानावर बोटं कशी वाजवतो तेही, आणि जनरल दारात उभा. त्या सैन्यात कप्तानाचा मेजर होणं हे एक वळण होतं. बरेच जण तिथेच अडकायचे आणि घरी जायचे. याचं वळण जवळ आलं होतं. कर्नल भला माणूस, त्याने बोलावून सांगितलं की एक चिठ्ठी लिही, त्या दिवशी मी जरा जास्त प्यायलो होतो. बस. जनरल विसरून जाईल. दारू सगळ्यांनाच चढते.

कप्तानाने चिठ्ठी लिहिली. तिची नक्कल पेटीत आहे, मी स्वतः स्कॅन केली. त्यात एकच ओळ आहे.

"मी प्यायलो नव्हतो."

तो मेजर झाला नाही. पुढे घरी पाठवताना नावापुरता मेजरचा मान दिला, म्हणजे हुद्दा कागदावर. याने गावी जाऊन नासपतीची झाडं लावली आणि दारावर पाटी लावली, कप्तान. कोणी मेजर म्हटलं की दुरुस्त करायचा.

आता सांगा, ह्या माणसाला मी लढाईत मारू?

तरी मी आजीला विचारलं. म्हटलं, आमच्याकडे लोकांना शेवट शूरपणाचा पाहिजे, मारला तर चालेल का? तिने पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली की त्याला आधीच एकदा मारलाय, तिच्याच घरच्यांनी. लहानपणापासून ती ऐकत आली होती की पणजोबा फ्रान्समध्ये सगळ्यांच्या पुढे धावत जाऊन पडले. घरात तसं मोठं चित्रसुद्धा टांगलेलं होतं. चाळिशीनंतर ती रात्रशाळेत जर्मन शिकली, पेटी उघडली, तर आत गोठा, हगवण आणि मोजे. तिने घरात सांगितलं तेव्हा तिचा भाऊ वर्षभर बोलला नाही तिच्याशी.

"मला मेलेल्या शूर माणसापेक्षा जगलेला चावट माणूस बरा वाटला," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

मी तिला कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. म्हटलं, भाषा कळणार नाही, पण भात मिळेल.

मग मी तालमीला लागलो. कप्तानाचा आवाज माझाच ठेवला. कर्नलला आमच्या गावच्या पोस्टमास्तरांचा दिला. जनरलचा काही जमेना. घोगरा करून पाहिला, तो सिनेमातला व्हिलन वाटायला लागला. बारीक केला तर माकड. मग एकदा गाडी पार्क करताना सहज तोंडातून निघालं, 'फ्रँकली कप्तान, मला काही फरक पडत नाही,' आणि हाताने स्टीअरिंगवर टक टक. मी गाडीतच बसून राहिलो. एवढा फिट बसला यार, की दुसरा कुठला करणं ही बेइमानी झाली असती.

रूममेटला करून दाखवलं. तो हसून हसून पलंगावरून खाली आला आणि खालूनच म्हणाला, वेडा आहेस का, तुझा रेझ्युमे त्यांच्याकडे आहे. मला माहीत होतं. पाच दिवस मी दुसरा आवाज शोधला. प्रामाणिकपणे शोधला. सापडला नाही असं नाही, एक बरा सापडला होता. पण तो लावला की वाटायचं, आपण आता ती चिठ्ठी लिहितोय, प्यायलो होतो म्हणून.

कार्यक्रम एका मिडल स्कूलच्या हॉलमध्ये. दहाची वेळ म्हणजे पावणेबारा, ते सोडा. मी आत शिरलो आणि स्टेजकडे बघून थांबलो. डाव्या बाजूला गणपती. उजव्या बाजूला टेबलावर फ्रेम केलेला मोठा फोटो, त्याला शेवंतीचा हार, कपाळावर कुंकू, समोर उदबत्ती. फोटोत लांब मिशांचा, टोकदार हेल्मेट घातलेला एक म्हातारा. छातीवर इतकी मेडल्स की खालचा कोट दिसेना. मंडळाने नेटवरून काढला होता.

आजी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. चष्मा वर करून बघितलं. "हा कोण?"

मी म्हटलं, तुमचे पणजोबा.

"माझ्या पणजोबांना हनुवटी होती," ती म्हणाली. "हा जनरल आहे कोणीतरी."

तोवर हातात छापलेली कार्यक्रमपत्रिका आली. जेवणाआधी शेवटचा नंबर माझा. 'एका हुतात्म्याची बलिदानगाथा.' त्याच्या खाली, 'सादरीकरणानंतर दोन मिनिटे स्तब्धता.' म्हणजे मी 'बघतो' म्हणालो त्याच आठवड्यात छापून आणल्या होत्या. फुलं आणली, हार आणला, श्रद्धांजली ठरली, आणि माणूस अजून नासपती खात होता.

काकांनी माझी ओळख छान करून दिली. मनापासून. एकदाही 'फ्रँकली' म्हणाले नाहीत. ते खाली येताना कानाशी म्हणाले, "मॅनेजरशी बोललोय. मंडेला तुझं नाव टाकतो."

मी स्टेजवर गेलो. सैनिकी शाळा झाली, डेन्मार्क झालं, ऑस्ट्रिया झालं. हगवणीला पोरं पहिल्यांदा फोनमधून वर बघायला लागली. मग जेवणाचा हॉल, खुर्चीचा घोडा. आणि मग जनरलसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा मी वळलो आणि त्या हार घातलेल्या फोटोला सलाम ठोकला. हे काही तालमीत नव्हतं. पण फोटो तिथे होता, आणि जनरलचाच होता.

"जनरलसाहेब."

मग फोटोशेजारी जाऊन उभा राहिलो, काकांसारखा चष्मा डोक्यावर चढवला, आणि बोट टेबलावर. टक टक.

"फ्रँकली कप्तान, मला काही फरक पडत नाही. तुझ्या भल्याचं सांगतोय. प्यायला होतास असं लिहून दे. मेजर करतो. मंडेला नाव टाकतो."

'मंडेला' तेव्हाच सुचलं. आधी पहिल्या दोन ओळी हसल्या, समितीच्या. चिवडेवाले सगळ्यात जोरात. मग हसू मागे मागे गेलं, भिंतीपर्यंत, आणि परत आलं. काकूंनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. काकांकडे मी बघितलं नाही. स्टेजवर असताना बघायचं नसतं.

मग मी परत माझ्या जागेवर आलो, माझ्या आवाजात आलो, आणि म्हटलं, "मी प्यायलो नव्हतो."

इथे कोणी हसलं नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. मग दारावर पाटी लावली, पिशवीतून खरी नासपती काढली, खात खात खुर्चीवर बसलो आणि वाकून नमस्कार केला. संपलं. टाळ्या झाल्या, आणि काका माइकवर आले.

त्यांनी पत्रिका बघितली. मला वाटलं आता ती ओळ सोडतील. पण आमच्या मंडळात छापलेलं सोडत नाहीत. चेहरा लाल, आवाज स्थिर. "हुतात्म्यास आदरांजली म्हणून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया."

अख्खा हॉल उभा राहिला. ज्या माणसाने आत्ता समोर बसून नासपती खाल्ली, त्याच्यासाठी. माझ्या हातात उरलेला गाभा. आजीला कळेना काय चाललंय, पण सगळे उठले म्हणून तीही उठली. पुढे एका चिमुरडीने आईला विचारलं, "मॉम, ही डिडन्ट डाय, राइट?" आई म्हणाली, शूऽऽ.

त्या शांततेत काका माइकसमोर उभे होते. घड्याळाकडे बघत होते. आणि त्यांच्या नकळत त्यांचं बोट टेबलावर गेलं. माइक चालू होता.

टक टक.

पहिल्यांदा कोण फुटलं ते माहीत नाही. पण मग सगळा हॉल गेला. उभ्या उभ्या लोक एकमेकांना धरून हसत होते, श्रद्धांजलीत. आजी मला खालून विचारत होती काय झालं, काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं. काकांनी अंगठीकडे बघितलं. मग हात खिशात घातला आणि माइकवरून म्हणाले, जेवायला चला.

मंडे आला, गेला. बुधवारी काकूंचा फोन आला. काका दोन दिवस बोलत नाहीयेत म्हणाल्या, आणि मग आवाज खाली करून म्हणाल्या, "तू एक मेसेज टाक बाळा. नर्व्हस झालो, तोंडाला येईल ते बोललो असा. बास. मी सांभाळते पुढचं. मुलांचं होतं असं स्टेजवर, ते समजून घेतील."

काकू भल्या. कर्नलही भला होता. तो माझा सदुसष्टावा दिवस होता, कॅलेंडरवर मी रोज फुली मारायचो. मी पलंगावर बसून मेसेज टाइप केला, 'काका, मी नर्व्हस झालो होतो.' वाचला. मग पुसला आणि दुसरा लिहिला. 'काका, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण मी नर्व्हस नव्हतो. आवाज पाच दिवस आधी ठरवला होता. "मंडेला" तेवढं स्टेजवर सुचलं.' पाठवला, आणि फोन उशीखाली सरकवला.

दहा मिनिटांनी उशी वाजली.

"मी इतक्या वेळा फ्रँकली म्हणतो?" काका.

"कमी केलं होतं काका. वेळ पुरला नसता."

मग म्हणाले, "ती पोझिशन क्लोज झाली."

मी विचारलं, "फ्रँकली, काका?"

पलीकडून काहीच आलं नाही. टक टकही नाही. मग हळूच, "नाही. मी नाव दिलं नाही." आणि फोन ठेवला.

मला राग आला नाही, हे ऐकायला फार छान वाटतं, पण आला. त्या आठवड्यात मी काकांना घरात इतक्या वेळा केलं की रूममेट म्हणाला, आता यांच्याकडून भाडं घेऊ. पण हेही सांगतो, त्या फोनवर काका माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलले. त्यासाठी मी बरंच काही घालवलं. चालतंय.

रेझ्युमेत मग मी सगळ्यात खाली एक ओळ टाकली, मिमिक्री. कॉलेजच्या करिअर सेंटरमधल्या बाईने काढायला सांगितली, मी ठेवली. चौऱ्याऐंशीव्या दिवशी एका छोट्या इन्शुरन्सवाल्यांकडे इंटरव्ह्यू झाला. मॅनेजरने ती ओळ वाचून विचारलं की माझी करशील का? मी म्हटलं, दहा मिनिटं बोला. तो बोलला. मी केली. तो हसला, शेजारची एचआरवाली हसली नाही. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, टेस्टिंगचं. काकांच्या कंपनीच्या मानाने काहीच नाही, आणि व्हिसाचं पुढे काय ते कोणालाच माहीत नाही. आजीला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे कप्तान.

परवा ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेलो होतो. ऑफिसमधून थेट, गळ्यात बॅज तसाच. रांगेत पुढे काका-काकू. काकांनी मागे वळून बघितलं, माझ्याकडे नाही, बॅजकडे. आमच्या ऑफिसात कायमच्या लोकांचा बॅज निळा असतो, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा पिवळा. त्यांच्याकडेही तसंच असणार.

"कॉन्ट्रॅक्ट का?" म्हणाले.

"हो काका. कॉन्ट्रॅक्ट."

त्यांचा हात काउंटरकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि खिशात गेला. मग मीच वाजवलं काउंटरवर. टक टक. काकू हसल्या. काका कोथिंबिरीच्या जुड्या बघत राहिले, एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली.

"अंगठीने वाजव," ते कोथिंबिरीला म्हणाले. "नखाने आवाज येत नाही."